पट्टी बांधलेला हात

मंगळवार, ४ मार्च

हात भाजला! टायरच्या भट्टीचं दार उघडताना. चूक माझीच, मला कसला धीर म्हणून नाही. उजवा तळवा सगळा. दवाखान्यातल्या बाईने एवढी जाड पट्टी बांधली, की हात आहे की उशी! "आठवडाभर या हाताने काम नाही." नाही तर नाही. मग काम काय तू येऊन करणार?

बुधवार, ५ मार्च

दीर सकाळपासून मागे. "वहिनी, तेवढा टायरांचा ढीग बघून टाका, गिऱ्हाईक खोळंबलंय."

जुना टायर रिमोल्डला घ्यायचा तर आधी आतून हात फिरवायचा. उघडा तळवा. आत तार तुटलेली असली की कापडाखाली टाचणी राहिल्यासारखी लागते. डोळ्याला दिसत नाही. कमी हवेवर पळवलेला टायर बाहेरून अगदी राजबिंडा असतो. त्याच्यावर नवं रबर चढवायचं म्हणजे पोखरलेल्या भिंतीला रंग दिल्यातली गत! हे काम नवरा होता तेव्हापासून माझंच. मी खडूने बरोबरची खूण केली की भट्टीत, फुली मारली की भंगारात. वर कुणी विचारत नाही.

आज पट्टीचाच हात घातला. फिरवल्यासारखं केलं. डाव्या हाताला काही कळत नाही, ते मला माहीत आहे. तरी बरोबर, बरोबर, बरोबर करत सुटले. पुढ्यात टेम्पोवाला लंबू उभा, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्याच गाडीचे दोन होते, मागच्या चाकांचे. म्हणाला, "ताईंचा हात फिरला. आता मी डोळे मिटून गाडी हाकतो."

म्हटलं, "उघडे ठेवून हाक, मेल्या!"

सगळे हसले. मीपण हसले.

शनिवार, ८ मार्च

लंबूचे टायर चढवून दिले. खूश होता. नवे घेतले असते तर दुप्पट गेले असते. वाचले त्यात घरावर पत्रे टाकतो म्हणाला. समोरचा नव्या टायरांचा दुकानदार ओरडला, "काय वहिनी, म्हाताऱ्याला नवे बूट घातले का?" त्याला सोडते की काय! म्हटलं, "टायरचं अंग धड असलं तर रिमोल्ड नव्याच्या तोडीस तोड चालतो. फुटतो तो कमी हवेमुळे आणि जादा ओझ्यामुळे. उगाच रबराला शिव्या देऊ नका."

अंग धड असलं तर! बोलले खरी. तेच तर बघितलं नाही.

बुधवार, १२ मार्च

पट्टी निघाली. कातडी कोवळी आहे, झोंबते. त्या दिवसाच्या ढिगातला एक टायर भट्टीत जायचा राहिला होता. सहज हात घातला. दोन बोटं सरकली आणि लागलं — टोच, टोच, टोच. तारांची ओळच्या ओळ गेलेली. आणि वर माझीच खूण, ठसठशीत बरोबर!

फुली मारली. खडू मोडला.

लंबूचे दोन कसे असतील?

गुरुवार, १३ मार्च

दिराला सांगितलं. "परत बोलवायचे? वहिनी, उद्या समोरचा गावभर करेल — यांच्या टायरांवर यांचाच भरवसा नाही! आणि काय सांगणार, हात न लावताच खूण केली?"

बरोबर तिथेच बोट ठेवलं. तेच तर तोंडातून निघत नव्हतं.

तरी लंबूला फोन लावला. गाडी चालू होती, मागे गाणी. "बोला ताई!" सांगणार होते, आई शपथ सांगणार होते. म्हणाले काय, तर, "काही नाही रे. मागच्या टायरांची हवा बघत जा. मध्ये मध्ये उतरून बघ." तो हसला. "ताई, तुम्ही म्हणजे माझ्या आईच्या वरताण!"

मी एरवी कुणाच्या बापाला भीत नाही. आज कुठे गेली होती जीभ?

शनिवार, १५ मार्च

लंबूला अपघात झाला. घाटात. जीव आहे.

रविवार, १६ मार्च

दवाखान्यात जाऊन आले. मांडीचं हाड मोडलं, बरगड्या गेल्या, डोक्याला टाके. शुद्ध नाही. बायकोने माझा हात धरला, तोच हात! म्हणाली, "ताई, तुमचं नाव किती घेतो हो हा." काढून घ्यावासा वाटला. घेता आला नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर चाललंच होतं, "रिमोल्ड होता. फुटला असणार, आणखी काय!" एरवी मी भांडले असते. आज खाली मान घालून निघून आले. दीर म्हणतो, तोंड उघडू नका. उघडायचं तेव्हा कुठे उघडलं?

मंगळवार, १८ मार्च

लंबूच्या मेहुण्याने गाडी आणली. चालवत आणली! सगळे टायर जागच्या जागी. विचारलं, फुटला कुठला? तो म्हणतो, "फुटला? कुणी सांगितलं? गाडीला ओरखडा नाही. हा रस्त्यावर पडलेला सापडला, एवढंच कळलं."

तिथल्या तिथे ते दोन उतरवून घेतले. कोवळ्या हाताने आतून फिरवले. एकदा, परत एकदा. गुळगुळीत. टाचणीएवढंसुद्धा काही नाही. दोन्ही अगदी ठणठणीत!

सुटले. टायरला टेकून तिथेच बसले आणि रडले. मग जेवले पोटभर. तो तिकडे पडलाय आणि मी भात मागून घेतला. लाज नाही मला.

शुक्रवार, २१ मार्च

लंबू आज बोलला. मी दिसल्याबरोबर हसायला गेला, बरगडी दुखली. "तुम्ही सांगितलं होतं ना, ताई. घाटात थांबलो, उतरून मागच्या चाकाशी वाकलो. मागनं जीप आली, मला दिसलीच नाही."

मग थोडा दम घेऊन म्हणतो, "हवा बरोबर होती."