बाबांच्या रायफलची किंमत

ओचिवारोंगो, नामिबिया
१४ ऑगस्ट २०१८

फानी,

आम्ही मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. गुरांना चारा पुरतोय. थंडी ओसरतेय. गिडियन बरा आहे. तुला पत्र लिहायचं नाही असं त्याने मला बजावलंय, तरी लिहितेय.

काल तुमच्या बाबांची रायफल विकायला विंडहुकला गेले होते. त्या पैशांतून गिडियनला, तुझ्या भावाला, कृत्रिम पाय बसवायचाय. दुकानदार मोलरकाकांनी ती हातात घेतली, नळीवर कोरलेलं काडतुसाचं नाव वाचलं आणि खाली ठेवली.

"एल्साबे, ही पूर्वीसारखी तीनशे पंचाहत्तर मापाचीच राहिली असती ना, तर चाळीस हजार आत्ता मोजले असते. ती काडतुसं केपपासून केनियापर्यंत कुठेही मिळतात. हिची कोण विकतं?"

"माझा दीर बनवतो," मी म्हटलं.

"मग दिरालाच विक की!" मागचं गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. काका सहा हजार देतो म्हणाले, तेही वरच्या दुर्बिणीचे.

काय अक्कल पाजळलीस रे! पन्नास वर्षं विनातक्रार चाललेली बंदूक. "दादा, जगात कुणाकडे नाही असं काडतूस करून देतो," म्हणत तिचं काडतुसाचं घर पोखरून मोठं केलंस. कुणाकडे नाहीच ते. आमच्याकडेही नव्हतं.

हो, नव्हतं. मार्चमध्ये मी तुला दोनदा फोन केला. "शनिवारी आणतो वहिनी, एवढी काय घाई?" शनिवारी तू आला नाहीस. सोमवारी पाहुण्या शिकाऱ्याने रानरेडा जखमी केला आणि वाटाड्या म्हणून गिडियनला त्याच्यामागे झुडपात शिरावं लागलं. खिशात तीन काडतुसं. तिन्ही लागली. रेडा तरीही अंगावर आला.

तेव्हापासून भेटेल त्याला तो सांगतो, "माझीच चूक, बाकीची घरी विसरलो." विसरला? कपाट मी स्वतः उघडून पाहिलंय. डबा रिकामा होता.

पाच महिन्यांत तू एकदाही फिरकला नाहीस, आणि तो तुझ्यासाठी म्हाताऱ्या आईशीही खोटं बोलतोय. संताप येतो मला, फानी. तुझा आणि त्याचाही.

रायफल तूच घेणार आहेस, चाळीस हजारांना. रविवारी ये. पैसे माझ्या हातात दे आणि मग त्याच्यासमोर जा. तुला बघून त्याला मिठी मारावीशी वाटेल, पण उठता येणार नाही. तुलाच वाकावं लागेल.

वहिनी म्हणून सही करायला हात धजत नाही.

एल्साबे