क्लिकमागे वीस

१० मार्च, सोमवार

दुकानाच्या ऑनलाइन जाहिरातीचा पहिला आठवडा संपला. बाराशे गेले. क्लिक ऐंशी. नवऱ्याने लगेच भागाकार केला – क्लिकमागे पंधरा! एवढा खूश, जणू पंधरा मिळालेच. दुकानात दुरुस्तीला शिलाई मशिनं आली किती? दोन. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे सहाशे घातले आणि मिळाले साडेचारशे. तर म्हणतो, तू कायम वाईटच बघतेस.

महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर कपड्यांच्या कारखान्यात परत. सुपरवायझर तोवरच जागा धरून ठेवणार आहे. आठ वर्षं तिथली मशिनं दुरुस्त केली, आता स्वतःच्या दुकानात बसून लोकांच्या मशिनांची वाट बघते. जीव थाऱ्यावर नाही.

११ मार्च

ऐंशीतले अठ्ठ्याहत्तर गेले कुठे? वेबसाइटवर माझा फोटो आहे, कामांची यादी आहे, फोन नंबर आहे – आणखी काय हवं त्यांना? फोटोत कपाळावर आठ्या आहेत, ते मान्य.

१२ मार्च

चोर घरातच! नणंद ऑफिसात पोचली की एकदा आणि निघताना एकदा जाहिरात दाबून बघते – वहिनीची येतेय ना, म्हणून. नवरा जेवणाआधी आणि जेवणानंतर. तिचे बारा, त्याचे चौदा. आणि लपवायचं कशाला, पाच माझेही. दर वेळी पैसे कापले जातात हे कुणाच्या गावीही नाही!

खरे क्लिक एकोणपन्नास. म्हणजे पंधरा नव्हे, साडेचोवीसच्या आसपास. नणंदेला समजावलं तर रडवेली झाली. मीही जरा जास्तच बोलले.

१७ मार्च, सोमवार

घरच्यांनी हात आवरले. या आठवड्यात नऊशे साठ, क्लिक अठ्ठेचाळीस. क्लिकमागे वीस. नवऱ्याचं तोंड उतरलं – पंधराचे वीस झाले! पण मशिनं तीन आली. गिऱ्हाइकामागे तीनशे वीस गेले, साडेचारशे आले, एकशेतीस उरले. तासभर घसा कोरडा केला की क्लिक स्वस्त की महाग हे नुसतं बघून भागत नाही, तो कोणाचा आहे तेही बघावं लागतं. शेवटी म्हणाला, "मग बाबांना फोन कर की. सांग, चालतंय."

नाही करणार. कारखान्यातली कायमची नोकरी बाबांनीच शब्द टाकून मिळवून दिली होती. ती सोडली तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलंय. पाच महिने झाले. माझा फोन आला की आई बोलते, ते उठून आत जातात. फार लागतं मला ते. एकशेतीस काय सांगू त्यांना!

१८ मार्च

क्लिक कुठून येतात त्याची यादी आज नीट बघितली. सात क्लिक माझ्या माहेरच्या गावाहून! चार तासांचा रस्ता. तिथून इथे मशीन कोण आणणार? रोज एक, दुपारी दोननंतर. एकशेचाळीस पाण्यात. तिथे एक मशीन दुरुस्तीवाला आहे, तोच मुद्दाम खोडी काढत असणार. जाहिरात जिथे दिसते त्या गावांच्या यादीतून ते गाव काढून टाकलं. बरं वाटलं.

२० मार्च

एकाच दिवशी दोन मशिनं! एकाचा दोरा सारखा तुटत होता – हुकाला चरा पडला होता. घासून गुळगुळीत केला. आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

२२ मार्च

आईचा फोन. दुकान बंद केलंस का, म्हणाली. म्हटलं, नाही गं, आत्ता कुठे चालायला लागलंय.

"मग ह्यांना का दिसत नाही? रोज जेवण झालं की मोबाइलवर शोधून तुझा फोटो उघडून बसतात. चार दिवस झाले, सापडत नाहीये. घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली. तुला सांगू नको म्हणाले."

गाव यादीत परत घातलं. दोन वाजायचेत. गिऱ्हाईक बसवून ठेवलंय, आणि मी त्या एका क्लिकची वाट बघतेय.