आबांच्या डब्यातले रेणू

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्या डब्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. मलाच ती परवा कळली.

माझं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "रसायनशास्त्र शिकून उपयोग काय? त्यापेक्षा साड्यांवर टिकल्या चिकटव, घरबसल्या काम आहे." मी रडले नाही. उपयोग दाखवायचं ठरवलं. तुम्ही कामाला होतात त्या पांडेसऱ्याच्या साड्यांच्या मिलमध्ये, रंगखात्याच्या वाफेत, तुमचं वरण दुपारपर्यंत आंबून जायचं. मी समजावलं, की रेणू एकमेकांवर आपटले तरच क्रिया होते, आणि तेही जोरात, नेमक्या बाजूनं आपटावं लागतं. उकाड्यात ते जास्त पळतात, जोरदार टकरा वाढतात. वरण आंबवणाऱ्या जंतूंच्या पोटातही हेच चालतं. म्हणून डबा गार ठेवायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्याला टांगायचा.

"म्हणजे रेणूंना भांडू द्यायचं नाही?"

"भांडू द्या, आबा. पण सावकाश."

दुसऱ्या दिवशी तुम्ही खात्यात फडकं शोधता आणि हाताशी येतो तो नुकत्याच रंगवलेल्या, अजून न धुतलेल्या साडीचा तुकडा. डब्याचं झाकण सैल. रंगाचं पाणी वरच्या कप्प्यात उतरतं. संध्याकाळी नवागामच्या आपल्या खोलीत तुम्ही दारातूनच सांगता, "पोळ्या गुलाबी झाल्या! सगळे विचारत होते, काय भाऊ, पोळ्यांनी होळी खेळली का?" माझं कॉलेज संपलं, असंच वाटलं. तुम्ही सावकाश पाणी प्यायलात आणि आईकडे वळलात. "पोळ्या फेकल्या. पण वरण आंबलं नव्हतं. शिकू दे आपल्या पोरीला."

आता मी शाळेत विज्ञान शिकवते. परवा आईला हौसेनं सांगितलं, की वर्गात मी हेच उदाहरण देते. आईला हसू आवरेना. "अगं, रोज डब्यात रात्रीचं वरण जायचं. त्या दिवशी मी पहाटे उठून ताजं शिजवलं. मंग काय, तुझं कॉलेज आंबू द्यायचं होतं?"

आबा, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी मुलांकडून घोकून घेते. त्या हिशेबानं आपला प्रयोग रद्द. पण तुम्ही तो सगळ्या खात्यात अभिमानानं सांगत फिरलात. म्हणून हे पत्र पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं. वर्गातही मी अजून काही कबूल केलेलं नाही. निकाल मला फार आवडतो.