सारिकाच्या नळीबाबत

मी, चुडामण जीवराम पाटील, वय ७४, सूक्ष्मजीवशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार मेहरूण, जळगाव. साखर वाढली असली तरी डोके ठिकाणावर आहे. दबाव फक्त सौ. झुंबरबाईंचा आहे, पण तो अठ्ठेचाळीस वर्षांचा असल्याने धरू नये. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी सौ. झुंबरबाई यांना. शिवाय पाच लिटरचा नवा कुकर. जुन्यात मी नळ्या निर्जंतुक केल्या, तेव्हापासून त्यांनी त्यात वरण लावले नाही. त्यांचे बरोबरच होते.

२. सूक्ष्मदर्शक नासीरला. धुळ्याच्या कॉलेजात तो माझा प्रयोगशाळा परिचर होता. अजूनही दर महिन्याला बसने येतो आणि एका नळीतला जीवाणू ताज्या अन्नावर उतरवून देतो. आभार मानले की चिडतो, म्हणून इथे लिहून ठेवतो.

३. ती नळी सारिका लोटन महाजन हिला. १९९४ साली ती माझी विद्यार्थिनी. असोद्याच्या केळीच्या बागेतल्या मातीतून तिने हा जीवाणू वेगळा केला आणि तो इन्सुलिनसारखे काहीतरी तयार करतो असे तिला दिसले. ना रक्त, ना स्वादुपिंड, आणि हार्मोनसारखा रेणू! सारिकाला लहानपणापासून मधुमेह; इन्सुलिन ती स्वतः टोचून घेई. मी भर वर्गात म्हणालो, "हे तुझ्या बोटांना लागलेले इन्सुलिन आहे." वर्ग हसला. तिने संशोधन सोडले. नळी मात्र माझ्याने फेकवली नाही.

गेल्या वर्षी मलाही इन्सुलिन सुरू झाले, तेव्हा तिची बोटे आठवली. मी नळ्यांना हात लावला नाही; सगळे नासीरने केले. जीवाणू साध्या साखर-क्षारांच्या पाण्यात वाढवला आणि नमुना तीनदा रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दिला. तिथल्या बाईंनी विचारले, "पेशंट उपाशीपोटी होता का?" म्हणालो, "नाही, साखरपाण्यावर." तिन्ही वेळा इन्सुलिनसारखे आढळले, जीवाणू न घातलेल्या त्याच पाण्यात एकदाही नाही. ते इन्सुलिनच, असे मी म्हणत नाही. सारिकाही म्हणाली नव्हती. चूक माझी होती. माझ्यामागे हे कलम तिला वाचून दाखवावे.

४. पुरवणी. वरील मजकूर वाचून सौ. म्हणाल्या, "मरावर काय सांगशात तिले? ती जित्ती शे, तुम्हीबी शेतस. फोन लावा!" लावला.

सारिका आज सावद्याहून आली. तिथे ती केळीची रोपे तयार करते. मी हात जोडून माफी मागितली. नासीरने पुढे केलेली प्रयोगवही तिने उभ्याउभ्याच वाचली.

"सर, पाण्यात यीस्टचा अर्क नव्हता ना? त्यातूनही असे काही येऊ शकते."

"नव्हता."

"मग चौथ्यांदा मी करते. हातमोजे घालून."

मला रडू फुटले. नासीरने खिडकीकडे तोंड केले.

सबब कलम ३ रद्द समजावे. ती नळी आता माझ्या मालमत्तेत नाही.

ठिकाण : जळगाव
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५

(सही) चुडामण जीवराम पाटील

आमच्या दोघांच्या देखत भाऊंनी सही केली. डोळे ओले होते, हात स्थिर होता.

साक्षीदार :
१. (सही) डॉ. दिपमाला भूषण चौधरी
२. (सही) स्वप्नील वना कोळी