छर्र्यातलं तेल

चाचा, आज शुक्रवार. कारखान्यातले कापडाचे लूम बंद आहेत, म्हणून लिहायला बसलोय. तुम्हांला मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. मराठी कागद आला की तुम्ही तो माझ्या हातात द्यायचात आणि डोळे मिटून ऐकायचात. म्हणजे हे पत्रही मलाच तुम्हांला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्याने झालं नसतं.

अकलोलीकडच्या गावातून दहावी करून मी भिवंडीत आलो. तुमच्या हाताखाली लागलो तेव्हा मी बाविशीचा होतो आणि तुम्ही साठीला टेकला होतात. अख्ख्या कारखान्याचे लूम दुरुस्त करणारे तुम्ही जॉबर. लूम नुसता आवाज बदलून बोलला तरी तुम्हांला कळायचं की कुठला बोल्ट सैल झाला, आणि वासावरून सांगायचात की कोणतं बेअरिंग तापलंय. पण लोक तुम्हांला ओळखायचे ते तुमच्या नेमासाठी. सुताला कांजी चढवून सायझिंगहून जे बीम येतात, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांचे मोठे रूळ, त्यांच्या कांजीला उंदीर येतात. एका रात्रीत अख्खा ताणा कुरतडून टाकतात. विष घातलं की ते सुताच्या मोठ्या गाठींच्या मागे जाऊन मरायचे आणि सूत आठवडाभर घाण मारायचं. म्हणून कारखान्याच्या सेठच्या घरची, हवेच्या दाबावर चालणारी जुनी छर्र्याची बंदूक गोदामात आली, आणि ती तुमच्या हातात आली. शुक्रवारी लूम बंद असले की उंदीर धीट होतात. तुम्ही जुम्म्याची नमाज पढून यायचात, गोदामाच्या दारात पोत्यावर बसायचात, आणि मग कितीही वेळ हलायचा नाहीत.

बाजारचा छर्रा उंदराच्या आरपार जायचा. मागच्या बीममध्ये घुसून दहा-वीस धागे तोडायचा, आणि उंदीर तसाच अर्धमेला आत पळायचा. तुम्हांला धाग्यांपेक्षा त्याचंच वाईट वाटायचं. मग तुम्ही लेथवर एक पितळी ठोकळा बनवलात. त्यात छर्रा उभा राहील एवढं भोक, आणि वरून बरोबर मधोमध उतरणारी पोलादी सुई. छर्र्याच्या टोकाला खळगा पडला की तो आत गेल्यावर पसरतो, तिथेच थांबतो, बाहेर निघत नाही. एक दाब, पाव वळसा, परत एक हलका दाब. त्यानंतर तिरक्या धरलेल्या आरशावरून प्रत्येक छर्रा घरंगळत सोडायचा. सगळे सारखंच वळण घेऊन एकाच जागी थांबले पाहिजेत. जो दुसरीकडे गेला त्याचा खळगा मधोमध नाही, तो बाजूला. शंभरातले तीस-चाळीस तुम्ही सहज बाजूला काढायचात.

मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, "चाचा, मी जीव मारणार न्हाय. घरी देवीचं हाय."

तुम्ही हसलात. "तुला कोन मार म्हनतो? मारनारा मी, हिशेब माझा. तू फक्त छर्रा नीट कर. उंदीर झाला म्हनून काय, तडफडून मरायला त्यानं काय केलाय? तुझ्या देवीला पन तडफड आवडत नसंल."

तेव्हापासून मी तो ठोकळा हातात घेताना मनात देवीआईचं नाव घ्यायचो. अजूनही कुठलंही बारीक काम तसंच करतो.

आता त्या शुक्रवारचं. तुम्ही नमाजेला गेला होतात. छर्रे सुईला चिकटत होते, ओढून काढताना वाकत होते. लूमवर काम करणाऱ्या माणसाला एकच औषध माहीत असतं. अडलं की तेल. मी बुधली उचलली आणि सुईवर थेंब सोडत राहिलो. काम झरझर झालं, तासाभरात डबी भरली. तेल ओघळून छर्र्याच्या मागच्या पोकळीत साठत होतं ते मला दिसत होतं. पुसायला हवं होतं. पुसलं नाही. आरसाही घेतला नाही.

तुम्ही आलात, पोत्यावर बसलात. त्या दिवशी सेठ एका सुरतेच्या व्यापाऱ्याला गोदाम दाखवायला घेऊन आले होते. तुमची तारीफ करत होते, "आमचे चाचा बघा, बीमवर बसलेला उंदीर उचलतात, धाग्याला धक्का नाय." उंदीर बीमच्या टोकावर आला. तुम्ही श्वास धरलात. आणि नेहमीच्या फट् आवाजाऐवजी फटाका फुटावा तसा बार झाला. दाबलेल्या हवेने तेल पेटलं होतं. छर्रा भरकटला, उंदीर मागचे पाय ओढत गाठींखाली शिरला.

सेठ सगळ्यांसमोर हसले. "क्या चाचा! चष्मा बदला आता. हात गेला तुमचा."

तुम्ही बंदूक बिजागरीत वाकवून नळी उघडलीत. नळीतून धुराची बारीक रेघ निघाली. तुम्ही ती नाकाजवळ नेलीत. मी मान खाली घातली.

"हां सेठ," तुम्ही म्हणालात, "हात हलला."

सेठ गेले. तुम्ही बाह्या सरसावल्यात आणि एकेक गाठ ओढायला लागलात. मी म्हटलं, "राहू द्या चाचा, मरंल तो." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्ही मला रागावलात असं मला आठवतंय ते तेवढंच. "अर्धं काम टाकून घरी जेवायला जातोस काय रे तू?" आपण नऊ गाठी हलवल्या. उंदीर सापडला, तुम्ही त्याला तडफडीतून सोडवलंत, आणि मग पोत्यावर बसून किती तरी वेळ आपला उजवा हात उलटसुलट करून बघत राहिलात.

पुढच्या शुक्रवारी बंदूक माझ्या हातात दिलीत. मी देवीला विचारलं आणि घेतली. त्यानंतर तुम्ही ती कधीच धरली नाहीत. कोणी आलं तर सांगायचात, "माझा हात गेला, आता याचा बघा."

तुम्हांला वास आला असणार, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. ज्याला बेअरिंगचा वास कळतो त्याला जळक्या तेलाचा कळणार नाही? कळला असेल तर तुम्ही माझी चूक आपल्या अंगावर घेतलीत. पण मग तुम्ही तो हात तसा का बघत होतात? तुमचा हात शाबूत होता, चाचा. तुम्ही आणखी सात वर्षं जगलात. त्यातला कुठलाही एक दिवस एवढं सांगायला पुरला असता.

पितळी ठोकळा माझ्या देव्हाऱ्याच्या खालच्या खणात आहे. तेलाचं मी वज्रेश्वरीला जाऊन देवीपुढे कधीच कबूल केलंय. एक गोष्ट मात्र तिलाही सांगितलेली नाही. सेठ म्हणाले, हात गेला तुमचा, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आता बंदूक मला मिळेल. आणि मला बरं वाटलं होतं.