झडपेवरची किल्ली

रविवार, ९ मार्च. सकाळी, बोटीवर

आठला पोचले. हे लेक-जावयाच्या गाडीतून मागाहून येणार, म्हणजे नऊ वाजणार. तोवर कामं उरकते. काम करता करता टिपायची सवय मी निरीक्षक होते तेव्हापासूनची, ती निवृत्तीनंतरही सुटत नाही.

तेल खुणेपर्यंत आहे. पट्टा घट्ट. डिझेलच्या गाळणीत तळाशी चमचाभर पाणी साचलं होतं, काढून टाकलं. इंजिन थंड करणारं पाणी ज्या गाळणीतून येतं तीही उघडली. शेवाळ, प्लॅस्टिकची चिंधी आणि नखाएवढा एक जिवंत खेकडा! त्याला घरी पाठवला.

इंजिनाची किल्ली नेहमीप्रमाणे, हे पाणी ज्या तळाच्या झडपेतून आत येतं तिच्या दांड्याला टांगलेली. यांची खोड. घरी जाताना झडप बंद करायची, म्हणजे बोटीच्या पोटात पाणी शिरणार नाही, आणि किल्ली तिथेच अडकवायची. पुढच्या वेळी किल्लीसाठी वाकलं की झडप उघडायची आठवण होते म्हणे. किल्ली मात्र सदा ओली, वर गंज! ज्याच्या डोक्यात चार गोष्टी राहतात त्याला असली सोंगं लागत नाहीत. पुसून सुकाणूच्या चाकाशेजारच्या खिळ्यावर लावली. किल्लीची जागा खिळा.

आता फक्त झडप उघडायची आणि—

लेकीचा फोन. चटया किती आणायच्या म्हणून! इथे खाली नीट ऐकू येत नाही. वर जाते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिणारच नाही.

झडप उघडायची राहिली. माझ्याकडून.

हे आले ते धक्क्यावरूनच वाकून म्हणाले, "झडप झाली का गं?" मी लेकीला चटयांवरून झापत होते. मान न वळवता म्हटलं, "झालं सगळं, चला!" यांनी खिळ्यावरची किल्ली घेतली, इंजिन सुरू केलं. मागच्या नळीतून धुराबरोबर पाणी पडतंय का, ते वाकून पाहायचं काम यांच्या आजारपणापासून माझ्याकडे आहे. मी चटया पसरत होते.

खाडीच्या मध्यावर इंजिनाचा धोक्याचा भोंगा वाजला. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. यांनी लगेच इंजिन बंद केलं. ओहोटीची ओढ होती, बोट दगडी बांधाकडे सरकू लागली. जावई काठी रोवून उभा, लेक किंचाळतेय, मी नांगराच्या दोराचा गुंता सोडवतेय. बांधाला एक बाजू खरवडली. फेरीबोटवाल्याने दोर टाकला म्हणून वाचलो.

त्याआधी, इंजिन बंद केल्या केल्या, जावयाने त्यावरची फळी उचलली. यांनी वाकून पाहिलं. दांडा आडवा.

"झडप बंद आहे," हे म्हणाले.

"बाबा! तुम्ही उघडलीच नाहीत?" — लेक.

यांनी माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच. मी दोर सोडवत होते. मग म्हणाले, "राहिली असेल. माझ्याकडूनच राहिली असेल."

दोर केव्हाच सुटला होता. मी सोडवतच राहिले.

सोमवार, १० मार्च

मिस्त्री आला. पन्नाशीचा आहे, बस आगारात यांच्या हाताखाली शिकला. हे तिथे पस्तीस वर्षं फोरमन. डिझेल इंजिन नुसतं ऐकून कुठला सिलिंडर आजारी आहे ते सांगायचे. मिस्त्री अजून यांना उस्ताद म्हणतो.

पंप उघडून त्याने आतला रबरी पंखा वर्तमानपत्रावर ठेवला. सहा पात्यांपैकी दोन शाबूत. पाण्याशिवाय फिरला की दोन मिनिटांत फाटतो.

"उस्ताद, तुमच्या हातून? झडप?"

"म्हातारा झालो रे."

दोघं हसले. मिस्त्रीचं हसू लगेच विझलं.

मग मला म्हणाला, "वहिनी, चार पाती गेली. चारही सापडली पाहिजेत. एक जरी नळीत अडकून बसलं तर नवा पंखा घालूनही इंजिन तापणार." पंपात तीन सापडली.

सांगायला वेळ होता. पाणी आणायला गेले.

मंगळवार, ११ मार्च

आज जे केलं ते कालच्याहून वाईट.

चहा पिताना हे एकदम म्हणाले, "मी तुला विचारलं होतं ना गं? झडप झाली का म्हणून?"

किती सरळ वाट होती! 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर.

मी म्हटलं, "मला नाही आठवत."

"बहुतेक विचारलं होतं."

"रोज विचारता, त्यातलंच काहीतरी आठवत असेल."

यांनी कप खाली ठेवला. "असेल," म्हणाले.

सप्टेंबरात यांना सौम्य लकवा झाला, उजवा हात गेला. डोकं शाबूत आहे, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं. तरी सहा महिने मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय — यांच्या लक्षात राहत नाही हो, सगळं मलाच बघावं लागतं. ऐकणारे माझं कौतुक करायचे. मला ते आवडायचं. लिहून टाकलं. आता पुसता येणार नाही.

बुधवार, १२ मार्च

यांनी तीनदा विचारलं, "गॅस बंद केला ना मी?" केला होता. तिन्ही वेळा.

शुक्रवार, १४ मार्च

नवा पंखा बसवला. धक्क्याला बांधूनच इंजिन चालवून पाहिलं. नळीतून पाणी येतं, पण धार करंगळीएवढी. आठव्या मिनिटाला काटा वर चढायला लागला. बंद केलं.

"चौथं पातं आत आहे," मिस्त्री म्हणाला. "उस्तादांना आणा ना. ते हात लावून सांगतील कुठे आहे."

विचारलं. हे म्हणाले, "नको. मी हात लावला की काहीतरी बिघडतं."

पस्तीस वर्षं ज्याच्या हाताखाली इंजिनं सरळ झाली तो माणूस!

शनिवार, १५ मार्च

लेक आली. बोट विकायची, ठरवूनच आली होती. एका दातांच्या डॉक्टरला हवी आहे, पुढच्या शनिवारी बघायला येतो.

"आई, रविवारी बांधावर आपटलो असतो. बाबांना कळत नाही असं नाही, पण भरवसा राहिला नाही. उद्या एकटे निघाले तर?"

हे खुर्चीत बसून ऐकत होते, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं असावं तसे. मग म्हणाले, "ती म्हणते ते बरोबर आहे. विकून टाका." खिशातून बोटीची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. डाव्या हाताने.

"आजपासून तूच ठेव. तू विसरत नाहीस."

मी ती घेतली! हात पुढे केला आणि घेतली.

सोमवार, १७ मार्च

वजनमापं खात्यात असताना एका वाण्याच्या तराजूखाली शिशाचा तुकडा चिकटवलेला सापडला होता. तो म्हणाला, नोकराने लावला. नोकर खाली मान घालून उभा. मी भर दुकानात वाण्याला म्हटलं होतं, "नोकराच्या माथी मारता? मोठ्याने सांगा कुणी लावला ते!" त्याने सांगितलं. गिऱ्हाईकं ऐकत होती. त्या दिवशी घरी आल्यावर यांना सगळं रंगवून सांगितलं. हे हसून म्हणाले होते, "काट्याशी गाठ आहे बाबा!" तेव्हापासून घरात माझं नाव काटा.

त्या वाण्याला माझ्यापेक्षा जास्त लाज होती. त्याने निदान तासाभरात कबूल केलं.

आज हे दाराला कुलूप लावून जिन्यावरून दोनदा परत आले. शेजारीण बघत होती. मी वर गेलेच नाही. खालूनच म्हटलं, "चला आता!"

मंगळवार, १८ मार्च

एकटीच बोटीवर गेले. पहिल्यांदा झडप बंद केली. दांडा आडवा, दोनदा हाताने चाचपून पाहिला. पंपापासून पुढची नळी सोडवली. पट्टीचा स्क्रू गंजलेला, पाना दोनदा निसटला, बोटाचं साल गेलं. नळीत काही नाही. मग ती जिथे वळण घेऊन इंजिनाच्या थंड करणाऱ्या डब्यात शिरते तिथे विणायची सुई घातली. मऊ काहीतरी लागलं. चिमट्याने ओढलं.

चौथं पातं! नखाएवढं काळं रबर.

वर्तमानपत्रावर सगळे तुकडे मांडून पाहिले, पंखा पुरा झाला. नळी बसवली, झडप उघडली, इंजिन सुरू केलं. मागून भसाभस पाणी! वीस मिनिटं चालवलं, काटा मध्यावरून हलला नाही. आनंदाने ओरडले आणि मागे वळून पाहिलं. सांगायला कुणी नव्हतं. हे सांगायला ज्या माणसाकडे जायचं तो घरी बसून गॅसची बटणं तपासतोय.

एवढंसं रबर पुऱ्या इंजिनाचं पाणी अडवून बसलं होतं.

उद्या सांगते. लेक-जावई जेवायला येणार आहेत. तिघांसमोर.

बुधवार, १९ मार्च

सांगितलं. ताटं वाढायच्या आधी, उभ्यानेच. झडप माझ्याकडून राहिली. किल्ली मी खिळ्यावर लावली. यांनी विचारलं होतं, मी 'झालं' म्हटलं. नंतर 'आठवत नाही' असं मी म्हणाले ते खोटं.

कुणी विश्वास ठेवला नाही!

लेकीचे डोळे भरून आले. "आई, पुरे गं. बाबांना वाईट वाटू नये म्हणून तू स्वतःवर घेतेस, ते कळतं मला. पण त्याने बोटीचा धोका कमी होत नाही."

जावई म्हणाला, "आई, तुमच्या हातून? शक्यच नाही." असं म्हणाला की जणू माझा सत्कार चाललाय.

मी यांच्याकडे वळले. "अहो, तुम्ही विचारलं होतंत! धक्क्यावरून, वाकून!"

हे समजूत काढल्यासारखे हसले. "नाही गं. मी विचार केला त्यावर. मला आता स्पष्ट दिसतं. मी खाली वाकलो, दांड्यावरून किल्ली काढली आणि झडप तशीच ठेवून वर आलो."

"किल्ली खिळ्यावर होती!"

"खिळ्यावर? मी कधी लावतो का खिळ्यावर?" मग लेकीला म्हणाले, "बघ, तुझ्या आईला खोटं बोलायची सवय नाही. कशी अडखळते."

दहा दिवसांत मी यांच्या डोक्यात एक न घडलेली गोष्ट रुजवली. आता ती यांना स्पष्ट दिसते.

जेवले मी. सगळ्यांबरोबर, व्यवस्थित.

गुरुवार, २० मार्च

पुरावा आहे. ही वही. नऊ तारखेची सकाळ, काही घडायच्या आधी लिहिलेली, इंजिनाच्या तेलाचा अंगठा उमटलेला. 'आता फक्त झडप उघडायची आणि—'

एवढंच पान फाडून द्यावं, असं सकाळपासून मनात आहे. पण त्याच पानावर आहे, 'असली सोंगं लागत नाहीत.' आणि पुढच्या पानांवर मी चहाच्या वेळी काय केलं ते, लोकांच्या कौतुकाचं, किल्लीसाठी पुढे केलेला हात, जिन्याखालून मारलेली हाक. चाळीस वर्षं मी कुणाला माझी वही दाखवलेली नाही. यांनी कधी उघडली नाही. टेबलावर पडलेली असली तरी फडक्याने वरून पुसून तिथेच ठेवायचे.

दुपारी पेन घेऊन ते सोंगांचं वाक्य खोडायला बसले. एक रेघ मारायची होती. नाही मारली. खाडाखोड केलेली नोंद ग्राह्य धरत नाहीत, हे मीच जन्मभर लोकांना ऐकवलं.

परवा तो डॉक्टर येणार. उद्या सकाळी मी भाजी आणायला जाईन. वही यांच्या खुर्चीवर ठेवून जाईन, नऊ तारखेचं पान वर करून. वर चिठ्ठी: 'सगळी वाचा.' शेजारी ती किल्ली.

भीती वाटते. आजवर दुसऱ्यांना वाटायची.

शुक्रवार, २१ मार्च

हे अक्षर माझं आहे, डाव्या हाताचं. काट्याने चुका काढू नयेत.

दोनदा वाचली. दातांच्या डॉक्टरला फोन करून येऊ नका म्हटलं. लेकीलाही सांगितलं, वही बघायची तर ये.

तुझ्याशी बोलेन, पण आज नाही. आज किल्ली घेऊन बोटीवर जातोय, एकटाच. येताना ती झडपेवर टांगून येईन.

मी विचारलं होतं.