गाठोडं पुढे, मोटार मागे

धार, २८ सप्टेंबर १९१३

मुंबईहून मोटारीचा गॉगल आला. पगडीवरून चढत नाही. पगडी काढली तर बसतो. पण पगडी काढून मी आजवर फक्त झोपलो आहे. जगात पगडी नावाची वस्तू आहे हे गॉगल करणाऱ्यांच्या ध्यानात येऊ नये, यावरून आमच्या डोक्यांविषयी विलायतेत काय मत आहे ते दिसतं. तक्रारीचं पत्र लिहायला बसलो. संताप इंग्रजीत उतरेना. उद्या.

बाकी तयारी पूर्ण. मोटार चालू होणं तेवढं राहिलं.

२९ सप्टेंबर

मोटार फ्रेंच. शर्यतीची. दोन माणसांची, नऊ वर्षांची. बदनावरकडच्या एका जहागीरदारांनी ती फार विचार न करता दिली, मी फार विचार न करता घेतली. मोठ्या माणसांचे व्यवहार असेच होतात.

बेत ठरला. दसऱ्याला धार सोडायची. देवासहून अक्काला घ्यायचं. मग आग्रा रोडने ग्वाल्हेर, आग्रा, पुढे कानपूर, आणि कार्तिकात काशी. माझ्या या थोरल्या बहिणीने अजून गंगा पाहिलेली नाही. आमचे भाऊजी गणपतराव देवासला थोरल्या पातीच्या दरबारी नोकरीत. त्यांचे गुडघे दुखतात. शिवाय जेवायला घरी परतता येत नाही असा प्रवास त्यांना मान्य नाही. म्हणून काशी माझ्याकडे आली.

तीन वर्षं भाऊबीजेला जाणं झालं नाही. (काम. काम. पडसं.) यंदाची भाऊबीज मोटारीतच, ग्वाल्हेरच्या पुढे कुठेतरी.

शेजारचे मोरोपंत देवासहून आले. अक्काचा निरोप: चिंतूला म्हणावं, तीन वर्षं तुझ्याऐवजी चंद्राला ओवाळतेय, त्याला पडसं होत नाही, मोटार लागत नाही, आणि तो येतो.

सौ.ने विचारलं, दोन जागा, त्यात तुम्ही आणि वन्सं, मग मी कुठे? म्हटलं, तू घर सांभाळ. म्हणाली, ते मी वीस वर्षं बिनमोटारीची करते आहे. विषय बदलला.

२ ऑक्टोबर

पागेतले जुने जमादार दत्ताजी यांना मदतीला बोलावलं. त्यांनी चाळीस वर्षं घोडी हाताळली. मोटार म्हणजे तरी काय? मोटारीभोवती दोनदा फिरले. पाठीमागून जाताना लांबून गेले. मग म्हणाले, "साहेब, बीमार नाही. अडेल आहे."

मी हँडल फिरवलं. हँडल उलटं आलं, मनगटावर बसलं. दत्ताजी म्हणाले, "बोललो होतो ना, लाथ मारेल."

मनगटाला हळद. निश्चय: उद्यापासून पहाटे पाचला उठून दोन तास मोटार.

३ ऑक्टोबर

आठला उठलो. मनगट.

५ ऑक्टोबर

दत्ताजींचं निदान, पोट साफ नाही, एरंडेल द्या. हसलो. नंतर मोटारीचं पुस्तक काढलं. शर्यतीच्या इंजिनाला एरंडेलच घालावं असं छापील लिहिलं आहे! हे मला मनातून माहीतच होतं. घरातली बरणी रिकामी केली. सौ. म्हणाली, रविवारी पोरांना काय देऊ? पोरांनी मोटारीला नमस्कार केला.

इंजिन दोनदा खोकलं. चिन्ह चांगलं.

९ ऑक्टोबर, दसरा

काल खंडेनवमीला मोटारीची पूजा झाली. झेंडूची माळ, हळदकुंकू. सौ.ने रेडिएटरला अक्षता लावल्या. आज नऊचा मुहूर्त. सारी गल्ली जमली. हँडल: मी, दत्ताजी, पुन्हा मी. मोटार माळ घालून गप्प. मुहूर्त टळत चालला.

मोरोपंत पुढे आले. म्हणाले, प्रस्थान ठेवा. रीत जुनी आहे. मुहूर्तावर निघता येत नसेल तर उपरण्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि अंगावरची एखादी वस्तू बांधून जायच्या दिशेच्या घरी ठेवायची. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मोरोपंतांचं घर पूर्वेला, देवासही पूर्वेला. गाठोडं बांधलं. अंगावरची वस्तू म्हणून गॉगल घातला.

नऊ वाजता मी काशीला निघालो. सव्वानऊला पोहे खाल्ले.

१० ऑक्टोबर

प्रवासाचा दुसरा दिवस. मुक्काम धार, स्वतःचं घर. हवा उत्तम. जेवण अगदी घरच्यासारखं.

रजा कालपासून लागली आहे, त्यामुळे प्रवास खरा आहे याबद्दल शंका नको.

१४ ऑक्टोबर

मोरोपंत म्हणतात, पाच दिवसांत निघालं नाही तर प्रस्थान शिळं होतं. मी विचार केला. शिळं होतं ते एका जागी पडलेलं. पुढे सरकत राहिलं तर? गाठोडं त्यांच्याकडून उचलून चार घरं पुढे वाण्याच्या दुकानात ठेवलं. प्रवास सुरू आहे.

आज मोटारीला हात लावला नाही. गॉगल वाण्याकडे आहे. गॉगलशिवाय मोटार हाकणं पुस्तकात मना आहे.

१८ ऑक्टोबर

मोटार चालली!

सकाळी सहाजणांनी ढकलत उतारापर्यंत नेली. तिथून तळ्याच्या कडेपर्यंत एकटी गेली, वाऱ्यासारखी. मी आत होतो. इंजिन बंद होतं, म्हणजे पेट्रोलचा थेंब जळला नाही. असं आगगाडीने करून दाखवावं.

परत चढावर मोरोपंतांचे बैल लावले. मोरोपंत वाटभर फक्त बैलांशीच बोलले. हे मला लागलं.

२३ ऑक्टोबर

गाठोडं गावाबाहेर नाक्यापर्यंत पोचवलं. तिथे देवासकडे निघालेली एक बैलगाडी उभी होती. गाडीवानाला म्हटलं, एवढं गाठोडं गणपतरावांच्या घरी दे. तो म्हणाला, "भिया, गाठोड्याला कशाला पाठवता? तुम्हीच बसा की. जगा है."

मी त्याला मोटारीविषयी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. बैल चालू लागले.

उभा राहून पाहत होतो. गाठोडं मागे बांधलेलं होतं, दिसत राहिलं.

२८ ऑक्टोबर

रात्री झोप नाही. दुपारी झोप नाही. अंगणात येरझारा. घरात दिवाळीचा तळणीचा वास आणि पेट्रोलचा वास एक झाला आहे. सौ. म्हणते, चकली कोणत्या डब्यात आणि ग्रीस कोणत्या, ते तरी लिहून ठेवा.

गाडीवान परतला. गाठोडं पोचलं. अक्काने उघडलं, गॉगल हातात धरून पाहिला, आणि विचारलं, "बाकीचा चिंतू कुठाय?" गाडीवानाने काय उत्तर दिलं ते विचारलं नाही.

अंतिम निश्चय: भाऊबीजेला पहाटे निघायचं, संध्याकाळी अक्काच्या पाटावर.

३१ ऑक्टोबर, भाऊबीज

सकाळी सहा. दत्ताजी हजर. एरंडेल, पेट्रोल, पाणी. हँडल.

साडेसहा. हँडल.

आठ. लागली! खरोखर लागली. सारं अंगण हादरलं, अंगणातल्या मांडवाची लाकडी बल्ली पडली, मोरोपंतांच्या घरची तान्ही म्हैस दावं तोडून गेली. मी चढून बसलो, दांडा ओढला. इंजिन धावत होतं. चाकं धावत नव्हती. मग कुठूनतरी साखळी सुटून अंगणभर फिरली, आणि सगळं शांत झालं. दत्ताजींनी टोपी काढली.

दुपार. मोटारीत बसून होतो. उतरून जायचं तरी कुठे?

चार वाजता दारात टांगा थांबला. आतून अक्का उतरली. काल पाडव्याला निघाली, रात्री इंदूरला मुक्काम केला. काखेत माझं गाठोडं.

म्हणाली, "तुझं प्रस्थान देवासला पोचून खोळंबलं होतं. परत घेऊन आले."

मी साखळीविषयी बोलू लागलो. ती म्हणाली, "उठू नकोस. मला मोटारीतूनच नेणार होतास ना? बस तसाच. मोटारीत बसलेला भाऊ तरी पाहू दे."

शेजारच्या जागेवर ती चढून बसली. दोघांनी समोर पाहिलं. समोर मोरोपंतांची भिंत. अक्का म्हणाली, "कानपूर आलं का रे?"

मग सांगितलं. देवासची मंडळी काशीला निघाली आहेत, उज्जैनहून आगगाडी, तिसरा वर्ग. तिची जागा धरली आहे. उद्या सकाळी टांगा परत जाणार. टांग्यात आणखी दोघं मावतात.

आगगाडीविषयी माझी मतं प्रसिद्ध आहेत. ती सांगायला तोंड उघडलं तेव्हा सौ. आत ट्रंक भरत होती, दोघांची. मतं राहिली.

गॉगल अक्काला दिला. खिडकीशी बसली तर कोळशाचे कण डोळ्यांत जातात. तिने पदरावरून चढवला. बेताचा बसला.

दिवेलागणीला तिने मला ओवाळलं, मोटारीतच. पश्चिमेला बीजेची कोर दिसत होती. आज चंद्राला काम नव्हतं.

तबकात चार ओवाळण्या ठेवल्या. अक्काने मोजल्या आणि पदराला बांधल्या.